बिनतारी संच आणि गावाची हजेरी

डोंगराच्या कुशीतील एखाद्या वाडीचा रस्ता वाहून गेला, वीज खंडित झाली आणि मोबाइल मुका झाला, म्हणजे ती वाडी जागच्या जागी असूनही तालुक्याच्या दृष्टीने नाहीशी होते. तेथील माणसे सुखरूप आहेत की संकटात आहेत, हे कोणासही सांगता येत नाही. असा अनुभव महाराष्ट्राने थोडक्या वर्षांत अनेकदा घेतला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड या भागांतील पुष्कळ गावांची वीज आणि दूरध्वनी अनेक दिवस बंद होते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली, त्या वेळी महाड शहरच पुराने वेढलेले होते. वाटा बंद आणि संपर्क तुटलेला, अशा स्थितीत मदत पोहोचण्यास फार विलंब झाला.

तत्पूर्वी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही वार्ता बाहेर कशी आली, हे प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे असे आहे. गावातून कोणी निरोप धाडला नाही, कारण निरोप धाडण्यास कोणी उरलेच नव्हते. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. बसच्या चालकास जेथे गाव असावयास हवे तेथे गाव दिसेना, आणि त्याने ती गोष्ट पुढे कळविली. ठरलेल्या वेळी फेरी घालणाऱ्यास जसे असलेले दिसते, तसे नसलेलेही दिसते.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे. दुतर्फा रेडिओ, म्हणजे ज्यास आपण वॉकी-टॉकी किंवा बिनतारी संच म्हणतो, तो दरडप्रवण आणि पूरप्रवण गावांत केवळ संकटसमयी ओरडण्यासाठी ठेवू नये. पावसाळ्यात दररोज ठरलेल्या वेळी गावाची हजेरी घेण्यासाठी तो वापरावा. हजेरीत ज्या गावाचे उत्तर येणार नाही, त्याचे मौन हीच पहिली खबर समजावी. परंतु असे करण्यापूर्वी हे यंत्र कसे चालते, त्याची मर्यादा कोठे आहे आणि कायदा काय सांगतो, हे समजून घेतले पाहिजे.

एकतर्फी आणि दुतर्फा रेडिओ

रेडिओशी आपल्या शेतकऱ्यांचा परिचय जुना आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रवणमंडळांचा प्रयोग केला. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि मग कृती करावी, अशी त्याची रीत होती. मंडळांच्या शंका टपालाने केंद्राकडे जात आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. प्रयोग यशस्वी झाला, याचे एक मोठे कारण असे की रेडिओ जे सांगत होता त्यास गावाकडून उत्तर मिळत होते. मात्र ते उत्तर पोहोचण्यास टपालाचे दिवस लागत.

दुतर्फा रेडिओत ते उत्तर त्याच क्षणी मिळते. प्रत्येक संच बोलतोही आणि ऐकतोही, परंतु एका वेळी दोहोंपैकी एकच. बटण दाबले की संच बोलू लागतो आणि बहिरा होतो. बटण सोडले की तो मुका होतो आणि ऐकू लागतो. नवशिका मनुष्य येथेच प्रथम चुकतो. बटण दाबताक्षणी तो बोलू लागतो, त्यामुळे त्याचा पहिला शब्द तुटतो. बोलणे संपल्यावर बटण दाबूनच ठेवतो, त्यामुळे त्यास उत्तर ऐकू येत नाही आणि त्या वाहिनीवरील इतरांचेही बोलणे अडते. खिशात किंवा आसनाखाली दबलेले एक बटण संपूर्ण तालुक्याची वाहिनी रोखून धरू शकते.

मोबाइल हाही वस्तुतः दुतर्फा रेडिओच आहे. परंतु एकाच बांधावर उभे असलेले दोघे मोबाइलवर बोलले, तरी त्यांचा आवाज प्रथम मनोऱ्याकडे जातो, तेथून केबलने अथवा दुसऱ्या बिनतारी दुव्याने केंद्राकडे जातो आणि मग परत येतो. मनोरा उभा हवा, त्यास वीज हवी, त्याचा केंद्राशी असलेला दुवा शाबूत हवा आणि त्यावर एकाच वेळी गर्दी होऊ नये. यांपैकी एक अट मोडली की खिशातील यंत्र निरुपयोगी ठरते. साधा बिनतारी संच मात्र शेजारच्या संचाशी थेट बोलतो. दोन माणसे, दोन संच आणि भारित बॅटऱ्या एवढेच त्यास पुरे असते.

लहरी कोठवर जातात

रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर वेगाने जातात. एका सेकंदातील कंपनांच्या संख्येस कंप्रता किंवा व्यवहारात फ्रिक्वेन्सी म्हणतात. सेकंदास दहा लक्ष कंपने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. हातातील बहुतेक संच ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ पट्ट्यात अथवा त्यावरील यूएचएफ पट्ट्यात चालतात. तीनशे या संख्येस मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १५० मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर लांब असते, म्हणून तिच्यासाठी अर्धा मीटर लांबीचा, म्हणजे पाव लहरीचा, अँटेना योग्य ठरतो.

या पट्ट्यांतील लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. टेकडीवर ठेवलेल्या कंदिलाचा उजेड पलीकडच्या खोऱ्यात पडत नाही, तद्वतच लहर डोंगराआड सहसा पोहोचत नाही. यास्तव संचाच्या शक्तीपेक्षा अँटेनाच्या उंचीस अधिक महत्त्व आहे. सपाट प्रदेशात लहरीचे क्षितिज काढण्याचा हिशेब सोपा आहे. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ घ्यावे आणि त्यास सुमारे चाराने गुणावे, म्हणजे किलोमीटर येतात. दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाचे क्षितिज सुमारे पाच किलोमीटर येते. शंभर मीटर उंचीवरील अँटेनाचे ते चाळीस किलोमीटरांच्या पुढे जाते. झाडी, घरे आणि चढउतार यांमुळे प्रत्यक्ष पल्ला पुष्कळच कमी भरतो. तथापि या आकड्यांवरून एक धडा मिळतो. विक्रेता खोक्यावर छापलेला पल्ला दाखवील तेव्हा तो कोठे मोजला, हे विचारावे, आणि संच विकत घेण्यापूर्वी आपल्याच वाडीतून आपल्याच डोंगराआड बोलून पाहावे.

डोंगराळ भागातील अडचण रिपीटरने, म्हणजे पुनःप्रक्षेपकाने, दूर करता येते. उंच माथ्यावर बसविलेला हा संच एका कंप्रतेवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर अधिक शक्तीने प्रक्षेपित करतो. दोन खोऱ्यांतील माणसांना एकमेकांचे डोंगर दिसत नसले तरी तो माथा दोघांनाही दिसतो. परंतु रिपीटर हाही मोबाइलच्या मनोऱ्याप्रमाणे बंद पडू शकतो, हे विसरू नये. त्यास सौरपट्टी आणि बॅटरी हवी, आणि तो बंद पडल्यास कोणत्या थेट वाहिनीवर यावयाचे, हे आधीच ठरलेले हवे.

स्कॅनर म्हणजे काय

अलीकडे तरुणांत स्कॅनर या यंत्राविषयी कुतूहल दिसते. स्कॅनर हा केवळ ऐकणारा संच होय. गस्त घालणारा जागल्या जसा प्रत्येक आळीच्या तोंडाशी क्षणभर थांबतो, कानोसा घेतो आणि सामसूम असल्यास पुढे जातो, तसा स्कॅनर एकामागून एक वाहिन्या तपासतो. जेथे आवाज असेल तेथे थांबतो आणि तो संपला की पुन्हा फेरी सुरू करतो. सामसूम आणि आवाज यांतील भेद ओळखण्यासाठी त्यात स्क्वेल्च नावाची योजना असते. ती फार घट्ट केली तर दूरचा क्षीण आवाज गाळला जातो, आणि फार सैल केली तर संच नुसत्या खरखरीवरच अडकून राहतो.

या यंत्राच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की जागल्या एका आळीत थांबला असता दुसऱ्या आळीतील हाक त्यास ऐकू येत नाही. म्हणून महत्त्वाची वाहिनी अग्रक्रमाची ठरवावी लागते. दुसरी अशी की मोठ्या यंत्रणांचे बोलणे आता एका वाहिनीवर टिकून नसते. बाजार समितीच्या फाटकावरील कारकून जसा प्रत्येक गाडीस मोकळा काटा दाखवितो, तशी ट्रंकिंग पद्धतीतील नियंत्रणवाहिनी प्रत्येक संभाषणास त्या क्षणी मोकळी असलेली वाहिनी नेमून देते. त्यातच आवाज अंकांत रूपांतरित केलेला आणि कित्येकदा सांकेतिक केलेला असतो. साध्या स्कॅनरास यातून अर्थ लागत नाही.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. अनेक हातसंचांत खाजगी टोन नावाची सोय असते. ती लावल्याने आपणांस इतरांचे बोलणे ऐकू येत नाही एवढेच. आपले बोलणे मात्र इतरांस ऐकू येतच राहते. वाहिनीवर बोललेला प्रत्येक शब्द चावडीवर बोललेला आहे, असे समजूनच बोलावे.

नवशिक्यांसाठी जी माहिती सर्वत्र उपलब्ध आहे, ती बहुतांशी अमेरिकेतील आहे. तेथे अग्निशामक दलासारख्या सेवांचे खुले संदेश ऐकण्याचा छंद पुष्कळांस आहे, आणि १६२ मेगाहर्ट्झच्या पुढील सात वाहिन्यांवर सरकारी हवामानवार्ता अखंड चालू असते. आपल्याकडील कायदा आणि व्यवस्था निराळी आहे. पोलिसांचे किंवा अन्य खात्यांचे संदेश चोरून ऐकणे हे येथे छंद म्हणून खपत नाही. माझ्या मते गावास स्कॅनरची गरजच नाही. दुसऱ्यांचे बोलणे ऐकण्यात गावाचे हित नाही, तर गावाचे बोलणे कोणीतरी ठरलेल्या वेळी ऐकण्यात आहे. तालुक्याच्या केंद्रावर दोनतीन गटांच्या वाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी संचातील स्कॅनची सोय उपयोगी पडेल, पण हजेरीच्या वेळी तीही बंद ठेवावी.

कायद्याचे बंधन

१९३३ च्या भारतीय बिनतारी तार कायद्याचे तत्त्व असे होते की परवान्यावाचून बिनतारी यंत्र वापरणे तर दूरच, ते नुसते बाळगणेही निषिद्ध आहे. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यास प्राधिकार लागतो, हे तत्त्व कायम आहे. कंप्रता ही सामायिक संपत्ती आहे. एकाने मनास येईल तेथे बोलावे, तर रुग्णवाहिकेचा किंवा विमानाचा संदेश बुडू शकतो.

याला एक उपयुक्त अपवाद आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यात अल्पशक्तीचे, म्हणजे अर्ध्या वॅटपर्यंतचे, हातसंच परवान्यावाचून वापरता येतात. मात्र परवाना माफ झाला म्हणजे नियम माफ झाले, असे नव्हे. संचाच्या नमुन्यास दूरसंचार विभागाची मान्यता असावी लागते, आणि कोणत्याही कंप्रतेवर लावता येणारा अधिक शक्तीचा संच या सवलतीत बसत नाही. असे संच कंप्रतेची व परवान्याची माहिती न देता ऑनलाइन विकले जात असल्याचे आढळल्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. तेव्हा स्वस्त मिळतो म्हणून कोणताही संच मागवू नये.

अर्ध्या वॅटचा संच वाडीपासून शेतापर्यंत किंवा समोरासमोरच्या दोन वाड्यांस पुरेल. तालुक्यापर्यंत पोहोचण्यास अधिक शक्तीचा संच आणि माथ्यावरील रिपीटर लागेल, आणि त्यास रीतसर परवाना हवा. तो मिळविणे एकट्या ग्रामपंचायतीचे काम नव्हे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. त्याने ही जबाबदारी उचलावी आणि ग्रामपंचायतींनी तशी मागणी ठरावाने करावी.

हौशी रेडिओचालकांचा परवाना हा निराळा मार्ग आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तो मिळतो. पंचायतीच्या दैनंदिन कामास तो चालत नाही, परंतु संकटात अशा जाणत्यांचे मोल फार असते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांचे हौशी पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथे होते. इतर संपर्क तुटलेला असता त्यांनी बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीकडे कळविली. माध्यमिक शाळेतील विज्ञानाचे शिक्षक आणि होतकरू तरुण यांनी या परीक्षेचा अवश्य विचार करावा.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जातो की मोबाइल असता हा खटाटोप कशास? त्याचे उत्तर निसर्ग वादळाने दिलेले आहे. मोबाइल टाकून द्यावा असे कोणी म्हणत नाही. परंतु पेरणी साधली तरी दुबार पेरणीचे बियाणे हाताशी ठेवणारा शेतकरी शहाणा समजला जातो, तोच न्याय येथे लावावा.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. योजनेतून मिळालेली यंत्रे कपाटात पडून राहतात आणि ऐन वेळी बॅटरी मेलेली आढळते, असे म्हणतात. हे खरे आहे. वर्षातून एकदाच लागणारे यंत्र नादुरुस्तच सापडावयाचे. म्हणूनच रोजच्या हजेरीचा आग्रह धरावयाचा. जो संच दररोज सायंकाळी बोलतो, त्याची बॅटरी उतरली हे त्याच सायंकाळी कळते, आणि जो मनुष्य दररोज बोलतो त्याची जीभ संकटात अडखळत नाही.

हजेरीची रीत

जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत दररोज सायंकाळी ठरलेल्या वेळी केंद्राने प्रत्येक गावाचे नाव क्रमाने पुकारावे. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या रात्री दर तासास पुकारावे. गावाने उत्तरादाखल दोनच गोष्टी सांगाव्यात. पहिली, पर्जन्यमापकातील पाऊस. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर दहा लक्ष लिटर पाणी होय, हे शेतकऱ्यास समजले की त्या आकड्याचे वजन त्यास कळते. दुसरी, डोंगराचे लक्षण. उतारावर किंवा घराच्या भिंतीस नवी भेग पडली काय, झाडे वा खांब कलले काय, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले काय, वाहता ओढा अचानक आटला काय, हे सांगावे.

बोलण्यापूर्वी वाहिनी मोकळी आहे याची खात्री करावी. बटण दाबून क्षणभर थांबावे. आधी ज्यास पुकारावयाचे त्याचे नाव आणि मग आपले नाव घ्यावे. वाक्य लहान ठेवावे, आकडे सुटे सुटे उच्चारावे आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवावे. प्रत्येक उत्तर वेळेसह वहीत लिहावे. संच पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा, अँटेना काढून कधीही प्रक्षेपण करू नये, आणि विजा चमकत असता उघड्या माथ्यावर उभे राहून बोलू नये.

ज्या गावाचे उत्तर येणार नाही, त्यास पाच पाच मिनिटांनी तीनदा पुकारावे. तरीही उत्तर न आल्यास शेजारच्या गावास पुकारावयास सांगावे. त्यासही उत्तर न मिळाल्यास पोलीस पाटील आणि तहसील कार्यालय यांना तत्काळ कळवून शक्य त्या वाटेने माणूस पाठवावा. दहांपैकी नऊ वेळा उतरलेली बॅटरीच सापडेल. त्याबद्दल कोणी कोणास हसू नये, कारण दहाव्या वेळेसाठीच ही सर्व रीत आहे.

येत्या पावसाळ्यापूर्वी ज्या गावांचा संपर्क तुटण्याचा इतिहास आहे, तेथील ग्रामसभेने हा विषय घ्यावा. संच कोणाच्या घरी राहील, त्याच्या गैरहजेरीत कोण बोलेल आणि बॅटरी कोण भारेल, ही तीन नावे ठरावात लिहावी. त्यांत एक तरी नाव भगिनीचे असावे, कारण भर पावसाळ्याच्या दिवशी पुरुष मंडळी बहुधा शेतावर असतात आणि घर व पाणवठा यांच्याकडील बदल प्रथम स्त्रियांच्याच ध्यानी येतात. ठराव झाला की त्याची प्रत जिल्हा प्राधिकरणाकडे पाठवावी. परवान्याची वाट पाहावी लागली तरी पर्जन्यमापक, हजेरीची वही आणि ठरलेली वेळ यांचा आरंभ मोबाइलवरूनच आजपासून करता येईल.